एका हाताचे लिगँड

अल्कीन म्हणजे कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेला रेणू. हा बंध आणि त्याच्या लगतचे अणू एकाच सपाट प्रतलात असतात, म्हणून त्याला दोन बाजू असतात. हायड्रोजन एका बाजूने जोडला गेला तर एक पदार्थ मिळतो, दुसऱ्या बाजूने जोडला गेला तर अनेकदा त्याचीच आरशातली प्रतिमा. पार्किन्सनवरचं औषध एल-डोपा अशा जोडीतला एक रेणू; त्याची प्रतिमा रुग्णाच्या उपयोगाची नाही.

हायड्रोजन जोडण्याची ही अभिक्रिया ऱ्होडियमसारखा धातू घडवून आणतो, पण त्या धातूला डावं-उजवं कळत नाही. बाजू ठरवतो तो त्याला बिलगलेला रेणू, म्हणजे लिगँड. तो धातूभोवतीची जागा अशी अडवतो की अल्कीनला एकाच बाजूने टेकणं सोयीचं जातं.

रसायनशास्त्रज्ञ विल्यम नोल्स यांनी १९६८ मध्ये एकाच फॉस्फरसने धातूला धरणारा लिगँड वापरला. हव्या त्या प्रतिमेचं आधिक्य मिळालं अवघं १५ टक्के, म्हणजे शंभरात साधारण ५७ विरुद्ध ४३. पुढे दोन फॉस्फरसांची पकड असलेले लिगँड आले आणि हे आधिक्य ९५ टक्क्यांवर गेलं. एल-डोपाच्या उत्पादनात असा लिगँड वापरला गेला. नोल्स २००१ च्या नोबेलचे मानकरी ठरले, आणि चांगल्या लिगँडला दोन हात हवेतच, ही समजूत घट्ट झाली.

पण असे लिगँड बनवायला बहुधा अनेक पायऱ्या लागतात. शिवाय फॉस्फरस ज्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीने धातूला धरतो, तीच जोडी हवेतला ऑक्सिजन पळवतो. एकदा ऑक्सिजन चिकटला की लिगँड कामातून गेला. त्यामुळे असे कित्येक लिगँड नायट्रोजन वायूच्या आवरणाखालीच हाताळावे लागतात. लिगँड साधा आणि टिकाऊ असणं मला म्हणूनच निवडकतेइतकंच मोलाचं वाटतं.

२००० साली नेदरलँड्समध्ये बेन फेरिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकहाती फॉस्फोरअमिडाइट लिगँड वापरले. त्यातला मोनोफॉस नावाचा लिगँड बायनॉल या संयुगापासून एका पायरीत बनतो. फॉस्फरसच्या शेजारचे ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतात, म्हणून तो हवेतही टिकतो. तरीही आधिक्य ९५ टक्क्यांपलीकडे जातं! जर्मनी आणि ब्रिटनमधल्या गटांनीही त्याच सुमारास वेगळ्या एकहाती लिगँडांनी हेच दाखवलं.

धातूवर असे दोन लिगँड एकदम बसू शकतात, आणि ते दोघे एकसारखेच असावेत असं बंधन नाही. दोन निरनिराळे लिगँड एकाच भांड्यात मिसळले, तर काही वेळा ते मिश्रण त्या दोघांपैकी कुठल्याही एकट्यापेक्षा अधिक निवडक ठरतं.