‘वॉरंटी आहे ना’ म्हणजे ‘परत घेतो’ नव्हे

आमच्या शेजारच्या काकूंनी दादरहून आणलेला मिक्सर चौथ्या दिवशी पिशवीत घालून दुकानात परत नेला. ओलं खोबरं वाटताना तो दोनदा बंद पडला होता, शिवाय जळका वास येत होता. गल्ल्यावरच्या माणसाने पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. “काकू, दोन वर्षांची वॉरंटी आहे ना? मग काळजी कसली! सर्व्हिस सेंटरला फोन करा, घरी माणूस येईल. आम्ही फक्त विकतो.” काकू समाधानाने घरी आल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही विचारलंत एक आणि त्याने उत्तर दिलं भलत्याच गोष्टीचं.

वॉरंटी हे कंपनीने आपणहून दिलेलं वचन. किती काळ, कोणत्या भागाला, कोणत्या अटींवर, हे सगळं तीच ठरवते. म्हणून तर फ्रिजच्या दारावर कंप्रेसरची दहा वर्षं ठळक असतात आणि बाकीच्या फ्रिजचं एकच वर्ष कार्डाच्या आत बारीक अक्षरात. कार्ड नीट वाचलंत तर बहुधा ‘दुरुस्ती किंवा सुटा भाग बदलून’ असं सापडेल. ‘पैसे परत’ हे शब्द सहसा सापडत नाहीत.

सदोष वस्तू परत करण्याचा हक्क मात्र कार्डातून येत नाही. तो येतो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. विकलेली वस्तू सदोष निघाल्यावर ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत. काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत. आणि ही जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे. ‘आम्ही फक्त विकतो’ ही सबब नाही, उलट तोच मुद्दा आहे. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला, तरी सदोष मालाच्या बाबतीत तेवढ्याने हात झटकता येत नाहीत.

खरी गंमत दिवसांची आहे. सर्व्हिस सेंटरचा माणूस येणार सोमवारी, येतो शुक्रवारी. ‘पार्ट मागवलाय’ म्हणून आणखी दहा दिवस. दुरुस्ती होते, पुन्हा बिघडते, आणि तोवर महिना उलटतो. वॉरंटी तशीच शाबूत, पण परतीचे दिवस गेले. म्हणून तक्रार पहिल्याच दिवशी दुकानदाराला लेखी करावी; व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालेल. कंपनीकडे फोन करायचा तर जरूर करा, पण दुकानाला कळवून मग.

अर्थात, वस्तू खरंच सदोष आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि इथे ग्राहकही पुष्कळदा घाई करतात. फ्रिजच्या बाजू गरम लागतात, कारण अनेक मॉडेलांत उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्यामागेच असते. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन घरभर नाचत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का ते आधी बघा. नव्या मिक्सरची मोटर तापली की सुरुवातीला वार्निशचा वास येतो, आणि भांडं गच्च भरलं की ओव्हरलोडचं बटण उडतं. खालचं लाल बटण दाबलं की तो चालू होतो. काकूंचं भांडं मी अर्धंच भरून पाहिलं. तरी बटण उडालं. मग मात्र मनात शंका राहिली नाही.

टेक्निशियन आला की जॉब शीटवर तो ‘चेक्ड, ओके’ लिहून मोकळा होतो. आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत मागा. पुढे वाद झालाच तर हा कागद सोन्याच्या मोलाचा.

रंग आवडला नाही, माळ्यावर मावत नाही, भावाने तसाच दुसरा भेट दिला, अशा कारणांसाठी कायदा आपल्या पाठीशी नाही. तिथे दुकानाचं धोरण आणि आपलं गोड बोलणं. ऑनलाइन विक्रेत्यांनाही सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे.

मुदत टळली म्हणून सगळं संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं तरी अंधेरीच्या माणसाला मुंबई उपनगर आयोगाकडेच जायचं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागतोच असं नाही. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या तपासणीची फी मात्र तक्रारदाराला भरावी लागते. आयोग दोष काढायला सांगू शकतो, नवी वस्तू द्यायला लावू शकतो किंवा पैसे परत करायला.

काकूंचं प्रकरण तिथवर गेलं नाही. मोबाइलवरून चार ओळींचा मेसेज, सोबत बिलाचा फोटो आणि अर्ध्या भांड्याने बटण उडतानाचा व्हिडिओ. तिसऱ्या दिवशी दुकानाचा पोऱ्या नवा मिक्सर घेऊन दारात. बिल थर्मल कागदावरचं होतं, आताच अर्धं पुसट झालंय. काकूंनी त्याची झेरॉक्स काढून देवघराच्या खणात ठेवली आहे, पंचांगाखाली.