फ्रीलान्सरांसाठी आरोग्य विमा: कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

पगारपत्रक नाही म्हणजे विमा मिळणार नाही, या समजुतीपायी अनेक फ्रीलान्सर अर्जच करत नाहीत. रुग्णालयाचा खर्च भरून देणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीसाठी सहसा पॅन, आधार, छायाचित्र आणि बँक खात्याचा तपशील पुरतो. आयकर विवरणपत्र मागतात ते मुख्यतः मोठ्या रकमेच्या गंभीर आजार किंवा अपघात विम्यासाठी. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. हप्ता मात्र रोखीने भरू नये, कारण जुन्या करप्रणालीतली वजावट रोख हप्त्यावर मिळत नाही.

घोळ होतो तो प्रस्ताव अर्जात. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांच्या रकान्यांत एजंट सरसकट ‘नाही’ भरतो, अर्जदार ओटीपी सांगून मोकळा होतो, आणि पुढे कधीतरी रुग्णालयात दाखल होताना निवासी डॉक्टर केस पेपरवर ‘पाच वर्षांपासून रक्तदाब, गोळी चालू’ अशी ओळ लिहितात. दावा फेटाळायला कंपनीला तेवढी ओळ पुरू शकते. आजार आधीच सांगितला तर हप्ता वाढतो किंवा त्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. क्वचित अर्जही नाकारला जातो, पण तो नकार आयत्या वेळच्या नकारापेक्षा परवडला. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते, तेव्हा त्या मुदतीत निदान आपल्या नावावर काय भरले गेले आहे ते तरी वाचावे.

नोकरी सोडून स्वतंत्र झालेल्यांकडे एक कागद हमखास नसतो: कंपनीच्या गट विम्यात आपण कधीपासून होतो याचे प्रमाणपत्र. गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागितले तर प्रतीक्षा काळातली आधीची वर्षे धरली जातात, मात्र त्यासाठी हा पुरावा लागतो. राजीनाम्यानंतर एचआर फोन उचलत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाआधीच तो मागून घ्यावा.

सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी मुदत म्हणजे नूतनीकरणाची सवलत मुदत, म्हणजे पॉलिसी संपल्यावर हप्ता भरायला मिळणारे जादा दिवस. वार्षिक हप्त्याला 30 दिवस मिळतात, पण ते पॉलिसीची सलगता टिकवण्यासाठी; हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांतला आजार त्यात बसत नाही. कामाचे पैसे उशिरा येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

निवड करताना हप्त्याआधी रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादा पाहावी. 5 लाखांच्या पॉलिसीत ती 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये असेल आणि खोली 8,000 ची घेतली, तर फक्त भाड्यातला फरक नव्हे, डॉक्टर व शस्त्रक्रियेच्या शुल्काचाही त्याच प्रमाणातला हिस्सा खिशातून जाऊ शकतो.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.