मशीनला पाणी दिसत नाही, ते हवा मोजतं

"मशीन पाणीच घेत नाही हो. मी आपली वरून पावडरच्या कप्प्यातनं दोन तांबे ओतते," वरच्या काकू म्हणाल्या. मी फिजिक्स शिकवतो, म्हणजे मला वॉशिंग मशीनही दुरुस्त करता येत असणार, हा त्यांचा ठाम समज. धायरीतली आमची सोसायटी, काकूंचा शेवटचा मजला, आणि वार शुक्रवार. गुरुवारी पाणी बंद असलं की दुसऱ्या दिवशी नळाला काय रंगाचं पाणी येतं, ते पुणेकरांना सांगायला नको. टॉर्च मारला तर ड्रमच्या तळाशी पाणी जेमतेम चकाकत होतं.

तेवढंच असतं. फ्रंट लोडमध्ये कपडे पोहत नाहीत. आडवा ड्रम त्यांना उचलतो आणि खाली आपटतो, धोबीघाटावर आपटतात तसं. डुंबण्यापुरतं पाणी लागतच नाही, भिजण्यापुरतं लागतं.

आता गंमत. पाणी पुरेसं झालं हे मशीनला कळतं कसं? पेला उपडा करून बादलीत १० सेंटिमीटर खोल दाबा. आत पाणी जवळपास शिरत नाही, पण कोंडलेली हवा दाबली जाते. मशीनच्या टबाच्या तळाशी असाच एक छोटा कप्पा असतो आणि त्यातून एक बारीक नळी वर जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि वरच्या टोकाला प्रेशर स्विचचा रबरी पडदा फुगतो. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब सुमारे ९८० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का! एवढ्या फुंकरीवर सगळा कारभार. नव्या मशीनमध्ये हाच पडदा एका कॉइलजवळचा गाभा हलवतो, तिथल्या विद्युत कंपनांची वारंवारता बदलते आणि मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ती वाचतो. दारावर 'एआय'चं स्टिकर असलं तरी त्या बुद्धीला पाण्याची खबर सहसा ही नळीच देते.

हा दाब फक्त खोलीवर ठरतो. टर्किश टॉवेल पाणी पिऊन बसला की पातळी उतरते, पडदा सैलावतो आणि नळाचं पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. म्हणूनच काकूंचे दोन तांबे फुकट जात होते. भरताना ओतलेलं पाणी मशीन हिशेबात धरतं आणि नळाचं तेवढं कमी घेतं.

तेव्हा 'पाणी हळू येतं' आणि 'पाणी कमी राहतं' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हळू येत असेल तर मशीन वाट बघतं, पातळी गाठतं, नाहीतर वैतागून एरर दाखवतं. व्हॉल्व्हचं विद्युतचुंबक फक्त सुईएवढं भोक उघडतं, व्हॉल्व्हमधला मोठा पडदा उचलतो तो नळाच्या पाण्याचाच दाब. बऱ्याच मशीनना त्यासाठी किमान ०.०३ ते ०.०५ मेगापास्कल लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी ३ ते ५ मीटर वर हवं. शेवटच्या मजल्यावर गच्चीतली टाकी मशीनपासून जेमतेम तेवढीच उंच.

पाणी खरंच कमी राहत असेल, तर संशय त्या नळीवर. पावडरच्या चिकट गाळानं कप्प्याचं तोंड बुजलं की टब रिकामा झाला तरी नळीतला दाब आतच अडकतो. मशीनला वाटतं, पोट भरलेलंच आहे. उलट नळीला चीर गेली की ते भरतच सुटतं. आणि ड्रेन पाइपचं टोक टबातल्या पातळीपेक्षा खाली लोंबत असेल तर सायफन होतो: इकडून भरतंय, तिकडून वाहतंय.

काकूंकडे यातलं काही नव्हतं. प्लग काढला, नळ बंद केला, मागचा पाइप सोडवला. तोंडाशी असलेली प्लॅस्टिकची जाळी पक्कडीनं ओढली तर तिच्यावर तांबूस मातीचा थर, मेंदीसारखा. जुन्या टूथब्रशनं घासून बसवली. आधी रडतखडत भरणारं मशीन आता झपकन भरलं. पाण्याची पातळी मात्र होती तिथंच.