चिचेन इत्झाचा साप आणि शुक्राचा हिशोब

दर मार्चमध्ये, २०-२१ तारखेच्या आसपास, मेक्सिकोतल्या युकातानमध्ये चिचेन इत्झा या माया लोकांच्या (मध्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या) प्राचीन नगरीच्या पटांगणात हजारो माणसं जमतात. दुपार कलली की कुकुल्कानच्या पिरॅमिडच्या नऊ टप्प्यांची सावली उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर पडते. सावलीच्या फटींतून उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक उमटत जातात आणि पायथ्याशी कोरलेल्या सापाच्या डोक्याला भिडतात. कुकुल्कान म्हणजे पिसांचा साप. देव पायऱ्या उतरून खाली आला, असं म्हणत गर्दी टाळ्या पिटते.

देखावा खराच आहे. ‘मायांचा हजार वर्षांचा वसंतसंपाताचा (मार्चमधल्या समान दिवस-रात्रीचा) सण’ ही त्याची ओळख मात्र नवी आहे. पडझड झालेल्या या पिरॅमिडच्या उत्तर आणि पश्चिम बाजू १९२०च्या दशकात पुन्हा बांधून काढल्या, आणि सावली टाकणारा वायव्य कोपरा नेमका त्याच दोन बाजूंच्या मध्ये येतो. १९७०च्या दशकात या सावलीवर लेखन झालं आणि त्यानंतर गर्दी वाढत गेली. शिवाय हा साप संपाताच्या आधी-नंतर कित्येक दिवस दिसतो, त्यामुळे त्यावरून नेमका दिवस ठरवता येत नाही. वर्षाचा हिशोब मात्र वास्तूत आहे: चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५.

कुकुल्कान खाली उतरतो ही श्रद्धा जुनीच आहे. स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा याने सोळाव्या शतकात तिची नोंद केली आहे. मानी या गावी उपास-जागरणं होत आणि शेवटच्या दिवशी कुकुल्कान आकाशातून येऊन नैवेद्य स्वीकारतो असं लोक मानत. हा उत्सव मायांच्या पंचांगातल्या ‘शूल’ नावाच्या महिन्यात होई, आणि लांदाच्या काळात तो महिना ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये येत होता. म्हणजे ज्या सणाची लेखी साक्ष आहे, तो मार्चमधला नाही.

याच लांदाने १५६२ मध्ये याच मानीत मायांच्या पोथ्या जाळल्या. आज जेमतेम चार उरल्या आहेत. त्यांतली एक १७३९ मध्ये ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयाने मिळवली आणि पुढे तिथलेच ग्रंथपाल अर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी तिच्यातले आकडे सोडवले. मायांचं खरं खगोलशास्त्र पाहायचं तर या पोथीत. तिच्यात शुक्राची ५८४ दिवसांची फेरी मांडली आहे: २३६ दिवस पहाटे, ९० दिवस अस्त, २५० दिवस संध्याकाळी, पुन्हा ८ दिवस अस्त. अशा पाच फेऱ्यांचे २९२० दिवस होतात, म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षं. खरी सरासरी ५८३.९२ आहे, तेव्हा थोडा फरक साचतो. तो काढून टाकण्याचीही सोय कोष्टकात आहे! शुक्राचा अस्त पाहून लग्नाचे मुहूर्त अडवणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना हा ध्यास परका वाटू नये. मायांना मात्र धास्ती होती ती पहाटेच्या शुक्रोदयाची. पोथीतल्या चित्रांत उगवता शुक्र भाला फेकून कुणा ना कुणाला घायाळ करताना दिसतो. पुढच्या पानांवर ग्रहणांचं कोष्टक आहे, ४०५ चांद्रमासांचं, म्हणजे ११,९६० दिवसांचं.

मायांच्या ‘हाब’ या सौरवर्षाचे दिवस मोजून ३६५. आपण अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतो. त्यांनी लीप दिवससुद्धा घातला नाही. संपात चार वर्षांत एक दिवस पुढे सरकत राही, त्यामुळे हाबच्या ठरावीक तारखेला बांधलेला सण संपाताला धरून राहणंच शक्य नव्हतं.

आणि वसंत म्हणावा असा ऋतू तरी तिथे कुठे आहे? कोरडा काळ आणि पावसाळा, एवढंच. चिचेन इत्झाचं अक्षांश जवळपास आपल्या अकोल्याचं, २०.७ अंश उत्तर. मेच्या चौथ्या आठवड्यात दोन्हीकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच विरते. त्यांच्या दक्षिणेला ग्वाटेमालात हा दिवस जरा आधी येतो. तिथले चोर्ती माया शेतकरी विसाव्या शतकातही सूर्य डोक्यावर आला की पेरणीची वेळ झाली असं धरत होते.