तिन्ही टप्पे जळले, तरी मोहीम फसली

नवं रॉकेट पहिल्या उड्डाणात कोसळलं की लोकांचा पहिला संशय इंजिनावर जातो. इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या प्रक्षेपकाच्या बाबतीत मात्र घन इंधनाचे तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले होते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून तो उडाला. उपग्रह ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत जायचे होते, पण गेले लंबवर्तुळाकार कक्षेत, आणि तिचं पृथ्वीजवळचं टोक जेमतेम ७६ किलोमीटरवर. तिथली विरळ हवासुद्धा उपग्रहाला खाली ओढायला पुरते. दोन्ही उपग्रह गेले. त्यातला एक, आझादीसॅट, सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या हातून घडलेला होता.

घोळ झाला तो दुसरा टप्पा सुटताना. त्या धक्क्याने उपकरणं बसवलेला मजला थरथरला, तोही जमिनीवरच्या चाचण्यांत दिसलं होतं त्याहून जास्त. रॉकेटचा वेग किती बदलतोय हे मोजणारे सहा त्वरणमापक याच मजल्यावर होते. क्षणभर सगळ्यांची मोजमापं कमाल मर्यादेला जाऊन भिडली. दहा किलोच्या काट्यावर तांदळाचं पोतं ठेवलं, तर काटा टोकाला जाऊन अडकतो; म्हणून काही तो बिघडत नाही. हे मापकही धडधाकटच होते. पण दोष हुडकणाऱ्या संगणकीय यंत्रणेने सहाच्या सहा निकामी ठरवले, आणि रॉकेट त्यांच्याकडे दुर्लक्ष करून आधीच ठरवून दिलेल्या आपत्कालीन मार्गाने निघालं. शेवटी वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटरने कमी पडला. लागणारा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त, म्हणजे तूट एक टक्कासुद्धा नाही!

गंमत म्हणजे युरोपच्या एरियान-५ या रॉकेटने ४ जून १९९६ रोजी नेमकी उलटी चूक केली होती. आधीच्या एरियान-४ रॉकेटमधून उचललेल्या आज्ञावलीत एक संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावली नाही आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. बंद पडताना त्याने पाठवलेली दोषाची माहिती मुख्य संगणकाने खरी उड्डाणस्थिती समजून घेतली, ज्वाळा बाहेर टाकणारे नोझल जोरात वळवले, आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेटच्या चिंधड्या उडाल्या.

कारणं नेहमी इतकी गुंतागुंतीची असतात असं नाही. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-१ रॉकेटच्या २००६मधल्या पहिल्या उड्डाणात इंधनवाहिनीचा एक गंजलेला नट दगा देऊन गेला. मला मात्र एसएसएलव्हीचं प्रकरण जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे सुटा भाग एकही वाईट नव्हता. टप्पा सुटला, मजला हलला, मापकांनी जमेल तितकं मोजलं, संगणकाने दिलेला नियम पाळला. हे सगळं एका साखळीत, खऱ्या वेगात, पहिल्यांदाच घडत होतं.

इस्रोने दुसरा टप्पा सोडवण्यासाठी कमी हादरे देणारी यंत्रणा बसवली, उपकरणांच्या मजल्याची रचना सुधारली आणि मापकांना निकामी ठरवण्याआधी संगणकाने जास्त वेळ वाट पाहावी असा बदल केला. आपत्कालीन स्थितीत ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांची माहिती वापरायचीही सोय केली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या एसएसएलव्हीने तीन उपग्रह ४५० किलोमीटरच्या कक्षेत सोडले. त्यात आझादीसॅट-२ही होता.