क्लोंपेन (डच लाकडी बूट) आणि ते बनवायची पद्धत

क्लोंप म्हणजे नेदरलँड्समधला अख्ख्या लाकडातून कोरलेला बूट. अनेकवचन क्लोंपेन, आणि बनवणाऱ्या कारागिराला म्हणतात क्लोंपेनमाकर. खडावांसारखं वरून उघडं आणि अंगठ्यात खुंटी धरायची असं यात काही नाही, टाच, तळ, बाजू, बोटांवरचं छप्पर सगळं एकाच ठोकळ्यातलं, सांधा नाही, खिळा नाही, गोंद नाही. इंग्लंडमधल्या लँकशरच्या क्लॉगला तळ लाकडाचा आणि वरचा भाग चामड्याचा असतो, तो प्रकार वेगळा. फ्रान्स आणि बेल्जियममधला साबो मात्र याचा सख्खा भाऊ. (सॅबोटाज म्हणजे मुद्दाम केलेली मोडतोड, हा शब्द साबोवरूनच आलाय, पण चिडलेल्या कामगारांनी मशीनमध्ये साबो फेकले म्हणून आला ही गोष्ट ऐकायला कितीही भारी वाटली तरी तिला पुरावा नाही. फ्रेंचमध्ये साबोवरून जे क्रियापद झालं त्याचा एक अर्थ काम कसंतरी उरकणं असा होता, तिथून आला असणं जास्त पटतं.)

आता बनवायचं कसं. बघणाऱ्याला वाटतं सगळी कमाल सुरी चालवणाऱ्या हाताची आहे, आणि हात लागतोच, पण खरा खेळ लाकडातल्या पाण्याचा आहे. लाकूड बहुतेक वेळा पॉप्लरचं नाहीतर विलोचं. दोन्ही झाडं ओल्या जमिनीत वाढतात, पटापट वाढतात, आणि लाकूड हलकं. वाळलेलं पॉप्लर घनमीटरला साधारण 400 ते 450 किलो भरतं म्हणजे त्याच मापाच्या पाण्याच्या निम्म्याहून कमी. विलो घासायला जरा जास्त टिकतो असं मानतात. पण ही वजनं वाळल्यानंतरची झाली, आणि क्लोंप कोरतात ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडातून. ओल्या पॉप्लरमध्ये नुसत्या पाण्याचं वजनच कोरड्या लाकडाएवढं असतं, कधी त्याहून जास्तही. फर्निचर करणारा सुतार लाकूड आधी वाळवतो आणि मग हत्यार लावतो, इथे बरोबर उलटं. कारण सोपं आहे, ओलं लाकूड मऊ असतं, धार आत सहज शिरते, आणि बोटांपर्यंतची खोल पोकळी वाळलेल्या लाकडात हाताने कोरायची म्हटलं तर दिवस जाईल आणि हत्यारंही जातील.

ओंडक्याचे आधी बुटाच्या लांबीचे तुकडे करतात, मग कुऱ्हाड आणि पाचर मारून ते उभे फाडतात. मधला गाभा टाकून द्यायचा, हे महत्त्वाचं. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही, खोडातल्या गोल वर्षकड्यांच्या दिशेने साधारण 8 ते 9 टक्के, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं, आणि उभ्या रेषेत म्हणजे खोडाच्या लांबीत जवळजवळ नाहीच. या ओढाताणीत गाभा आत राहिला की तडा ठरलेला. लाकडाची रेषा टाचेकडून बोटांकडे जाईल असाच तुकडा धरतात, त्यामुळे वाळल्यावर बुटाची लांबी जवळपास तशीच राहते, आकसते ती रुंदी आणि उंची, म्हणून कारागीर आतली जागा थोडी सैलच ठेवतो. जोडीतले दोन्ही बूट शक्यतो एकाच ओंडक्यातले, म्हणजे वजन सारखं आणि वाळणंही सारखं, नाहीतर डावा घट्ट उजवा ढिला असं व्हायचं.

आधी बाहेरचा आकार, पोकळी नंतर. कुऱ्हाडीने ढोबळ आकार, मग वाकसाने टाच आणि तळाची कमान, आणि त्यानंतर येतं पालमेस, या धंद्यातलं सगळ्यात बघण्यासारखं हत्यार. लांबलचक सुरी, तिच्या एका टोकाला आकडा असतो तो बाकावरच्या कडीत अडकवलेला, दुसऱ्या टोकाला मूठ, आणि पातं मध्ये. अडकित्ता आठवा, सुपारी मध्ये आणि जोर टोकाला, तेच तत्त्व फक्त खालचा दांडा काढून टाकलेला. एका हाताने मूठ दाबायची, दुसऱ्या हाताने लाकूड पात्याखाली फिरवत राहायचं, आणि जाड ढलप्या अशा सुटत जातात की लाकूड आहे का बटाटा असं वाटावं. टोकाशी वर वळलेलं ते नाक याच सुरीने काढतात.

मग पोकळी. दोन्ही बूट शेजारी शेजारी एका जड बाकाच्या खाचेत ठेवून पाचरी ठोकून पक्के करतात, कारण आता जोर बराच लागणार असतो. आडव्या मुठीचं गिरमिट असतं, टोकाला चमच्यासारखं वाटीदार पातं, नावही लेपेलबोर म्हणजे चमचा-गिरमिट. आधी टाचेच्या बाजूने खाली जायचं, मग तिरकं धरून बोटांकडे, लहान चमच्यापासून मोठ्या चमच्यापर्यंत. अवघड भाग हा की बोटांकडचा कोपरा डोळ्यांना दिसतच नाही, भिंत किती जाड राहिली ते बोटं घालून आणि हत्याराच्या आवाजावरून ओळखायचं, एक वळसा जास्त झाला की छपराला भोक आणि आधीची सगळी मेहनत फुकट. शेवटी वाकड्या टोकाच्या सुरीने आतला तळ गुळगुळीत करतात. खरं सांगायचं तर शिकाऊ माणसाची परीक्षा इथेच होत असणार, बाहेरचा आकार डोळ्यांनी दुरुस्त करता येतो, आतला नाही.

यानंतर वाळवणं, आणि ते सावकाश. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवले की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि बूट फाटतो. म्हणून सावलीत, वारा खेळेल असे रचून, काही आठवडे. वाळले की पॉलिश पेपर आणि मग पाहिजे तर रंग. रोजच्या कामाचे बूट बरेचदा कोरेच, सणासुदीचे किंवा रविवारी चर्चला घालायचे कोरीव नाहीतर रंगवलेले. नेदरलँड्समधल्या मार्कन गावात तर नवरदेवाने होणाऱ्या बायकोसाठी नक्षीचे बूट कोरायची पद्धत होती.

20व्या शतकात मशीन आलं. कॉपी लेथवर, म्हणजे नमुना बघून तसाच आकार तासणाऱ्या मशीनवर, एका बाजूला नमुन्याचा तयार बूट फिरतो, त्याला टेकलेलं चाक वरखाली होतं आणि पलीकडे कटर तशाच हालचालीने ओला ठोकळा तासतो. पोकळीचं मशीन वेगळं, पण तेही नमुन्याबरहुकूमच चालतं. काही तासांचं काम मिनिटांवर आलं. ॲमस्टरडॅमजवळ झान्से स्खान्स नावाचं जुन्या पवनचक्क्यांचं ठिकाण आहे, तिथे पर्यटकांसमोर हे करून दाखवतात आणि मशीनवरून नुकताच उतरलेला बूट हातात घेऊन कारागीर त्यात जोरात फुंकर मारतो की लाकडातून पाण्याचे थेंब बाहेर उडतात. लोक हसतात, पण मशीन आलं तरी लाकूड ओलंच लागतं आणि वाळवायला वेळ द्यावाच लागतो, हे त्या एका फुंकरीत कळतं.

घालायचे ते जाड लोकरीच्या मोज्यांवर. चामड्यासारखं लाकूड पायाचा आकार घेत नाही, त्यामुळे टाचेमागे बोटभर जागा लागते आणि चालताना टाच थोडी उचलली जातेच, म्हणून तो ठक ठक आवाज. सखल, चिखलाच्या देशात शेतकरी, मच्छीमार, माळी यांना हे सोयीचं, तळ रुंद म्हणून चिखलात कमी रुततो, लाकडातून गारवा लवकर आत येत नाही, आणि जड वस्तू पडली तर बोटं वाचतात. सेफ्टी शूज म्हणून युरोपियन युनियनचा सीई मार्क (सुरक्षेचे निकष पाळल्याची खूण) असलेले क्लोंपेनही मिळतात. घरात शिरताना ते दाराबाहेरच काढायचे. बेल्जियमच्या सीमेवर स्मगलर लोकांचे क्लोंपेन असायचे त्यांचा तळ उलटा कोरलेला, म्हणजे माणूस गेला दक्षिणेला आणि ठसे दाखवतायत उत्तरेला. नेदरलँड्समधल्या एल्डे गावात क्लोंपेनचं मोठं म्युझियम आहे, तिथल्या दोन क्लोंपेनमाकर भावांच्या संग्रहातून उभं राहिलेलं.

तडा गेला तर बुटाभोवती तार किंवा पत्र्याची पट्टी आवळून अजून काही दिवस काढायचे, आणि अगदीच झिजले की शेगडीत, चांगलं कोरडं जळण. त्यामुळे जुने नग फारसे उरलेच नाहीत. ॲमस्टरडॅमच्या न्यूवेनडाइक रस्त्यावर खोदकामात जो सापडला तो साधारण 1230 सालचा, आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाचा, आणि तो वाचला कारण जळणात जाण्याऐवजी पाणथळ जमिनीत पडून राहिला, जिथे हवा पोचत नाही आणि लाकूड कुजत नाही.