कागदासाठी घडवलेली गोळी

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा लक्ष्याच्या मधोमध असलेले दहा गुणांचे वर्तुळ किती लहान असते हे पुष्कळ मराठी घरांत प्रथमच कळले. त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. या खेळात गोळी लक्ष्याला कोठे भिडली एवढेच मोजले जाते. लक्ष्य ओलांडल्यावर ती सपाट झाली, फुटली की जशीच्या तशी राहिली, याची नोंद कोणी ठेवत नाही आणि ती ठेवण्याचे कारणही नसते.

स्वप्नील वापरतात ती लहान, निव्वळ शिशाची गोळी या लेखाचा विषय नाही. पण शेकडो मीटरवरच्या स्पर्धांसाठी बनणाऱ्या मोठ्या रायफलींच्या गोळ्याही याच एका अपेक्षेने घडवल्या जातात, आणि अमेरिकेत त्या गोळ्या हरणांच्या व एल्कच्या शिकारीलाही वापरल्या जातात. एल्क हे सांबराच्याच कुळातले, आणि त्याचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे भरतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार थांबली. अमेरिकेत मात्र ती परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि राज्य सरकारांच्या देखरेखीखाली चालते. ती व्हावी की नाही हा वाद येथे बाजूला ठेवू. जेथे ती होते तेथे जनावराला मरण किती लवकर येते हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी गोळीच्या अंतर्रचनेत असते.

ही रचना समजण्यासाठी कारखान्यापासून सुरुवात करावी लागते. रायफलीच्या बहुतेक गोळ्यांत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच असते. सैन्याच्या साध्या गोळीचे कवच टोकाकडून बंद असते आणि शिसे बुडाकडून भरले जाते. त्यामुळे बुडाशी कवचाची कड दुमडावी लागते आणि ती दरवेळी तंतोतंत सारखी दुमडली जात नाही. नळीतून सर्वांत शेवटी बाहेर पडतो तो भाग म्हणजे बूड. मागून येणारा तप्त वायू त्याच्यावर आदळत असतो, आणि ती कड एका बाजूला किंचित जरी वेगळी असली तरी गोळी तेवढ्याच तिरपेपणाने निघते. स्पर्धेची गोळी करणारा म्हणून हा क्रम उलटवतो. तो बुडाकडे बंद असलेली खोल वाटी घेतो, तिच्यात शिसे दाबून बसवतो आणि वाटीचे उघडे तोंड साच्यात निमुळते करत आणतो. बूड गुळगुळीत व एकसारखे राहते, आणि टोकाला मिलिमीटरभराच्या आसपासचे एक छिद्र शिल्लक उरते. छिद्राखाली थोडी पोकळी असते, कारण शिसे टोकापर्यंत पोहोचलेलेच नसते. सिएरा कंपनीची ‘मॅचकिंग’ ही या जातीची सर्वांत परिचित गोळी होय.

पोकळ टोकाच्या शिकारी गोळ्याही बाजारात असल्यामुळे हे छिद्र पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. शिकारी गोळीत टोकाची पोकळी फुलण्यासाठीच ठेवलेली असते. मॅचकिंगच्या टोकाचे छिद्र म्हणजे घडाईत उरलेली जागा आहे. स्वतः सिएरानेही या गोळ्यांची शिकारीसाठी शिफारस केलेली नाही.

गोळी फुलते म्हणजे नेमके काय होते? मांस, फुप्फुस, रक्त यांत मुख्यतः पाणीच असते. अशा माध्यमात वेगाने शिरणाऱ्या वस्तूच्या टोकावरचा दाब, माध्यमाच्या घनतेच्या निम्म्या आकड्याला वेगाच्या वर्गाने गुणले की अंदाजता येतो. सेकंदाला ८०० मीटर वेग असेल तर हा दाब वातावरणाच्या सुमारे ३,२०० पट होतो. वेग ५५० मीटरवर आला की तो १,५०० पटीवर उतरतो, आणि ४०० मीटरला जेमतेम ८०० पट राहतो. शिकारी गोळीच्या रुंद पोकळीत किंवा टोकाशी उघड्या ठेवलेल्या मऊ शिशावर हा दाब पडतो, कवच आतून ठरवून कमजोर केलेल्या रेषांवर चिरते आणि गोळीचे डोके अळंबीसारखे फुलते. मूळ व्यासाच्या जवळजवळ दुप्पट झालेली ती अळंबी पुढे जाताना रुंद वाट पाडत जाते.

मिलिमीटरभराच्या छिद्रातून मात्र आत फारसे काही शिरत नाही. कधी टोक दाबले जाऊन छिद्रच मिटते, तर कधी ते वाकते, आणि पुढे काय होईल ते या वाकण्यावर ठरते.

येथे भोवऱ्याची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. लांब, टोकदार, मागे निमुळत्या होत गेलेल्या गोळीचा गुरुत्वमध्य बुडाकडे असतो, आणि तिला खरे तर उलटे, बूड पुढे करूनच जायचे असते. नळीतील पिळदार खाचा तिला सेकंदाला अडीच हजारांहून अधिक फेरे देतात म्हणून ती हवेत टोक पुढे ठेवून जाते, जसा वेगाने फिरणारा भोवरा आरीवर उभा राहतो. पण शरीरातील ऊती हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतात. तेथे तोल राखायला आधीच्या सुमारे २८ पट (८००च्या वर्गमुळाएवढ्या) वेगाने फिरावे लागेल, आणि तेवढा वेग कोणतीही रायफल देऊ शकत नाही. न फुलणारी गोळी म्हणून शरीरात काही अंतर सरळ जाऊन आडवी होते. फुललेली शिकारी गोळी कोलमडत नाही, कारण तिचे वजन पुढे सरकलेले असते आणि लांबी घटलेली असते.

आता हरणाच्या छातीचा विचार करू. अमेरिकी सैन्यातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील लेटरमन संशोधन संस्थेत मांसाऐवजी १० टक्के जिलेटिनच्या थंड ठोकळ्यांवर गोळ्या झाडून त्यांच्या वाटांचे आराखडे काढले. त्यांत ७.६२ मिलिमीटरची साधी लष्करी गोळी सुमारे १५ सेंटिमीटर जवळपास सरळ गेल्यानंतर ठळकपणे कलू लागते. स्पर्धेची गोळी टोक शाबूत ठेवून गेली तर तिचेही असेच व्हायचे, आणि फासळ्यांमधून शिरलेली गोळी आडवी होण्याआधीच अर्धी छाती ओलांडते किंवा पलीकडून निघूनही जाते. मागे राहतो तो पेन्सिलीएवढा मार्ग. फुप्फुस लवचीक असल्यामुळे क्षणभर ताणले गेलेले ऊतक पुन्हा मिटते आणि रक्तस्राव सावकाश होतो. उलट टोक वाकून गोळी लगेच कलली, किंवा शिरतानाच फासळीवर आदळली, तर पातळ कवच फाटते आणि शिसे विखुरते. फॅकलर यांनी दाखवले की आधी कणांनी ऊतकात बारीक छिद्रे पडतात, त्यानंतर तेच ऊतक ताणले जाते आणि छिद्रांना जोडत फाटते. म्हणून फुटणाऱ्या गोळीची जखम अतिशय मोठी असते. हे फुप्फुसात घडले तर जनावर काही पावलांतच कोसळते. खांद्याच्या जाड हाडावर घडले तर वरच्या थरातच भयंकर जखम होते, पण हृदयापर्यंत काहीच पोहोचत नाही.

एकाच खोक्यातल्या दोन गोळ्या अशा दोन टोकांची कामे करू शकतात, आणि माझ्या मते खरा आक्षेप येथेच आहे. ‘स्पर्धेची गोळी मारत नाही’ हे विधान चुकीचे ठरेल, कारण ती पुष्कळदा फार लवकर मारते. आक्षेप एवढाच की कोणत्या वेळी काय होईल हे घडवणाऱ्याने ठरवलेलेच नाही. हवेतल्या प्रवासासाठी तिच्या वजनातला अत्यंत सूक्ष्म फरकही तपासला जातो, आणि शरीरातला प्रवास नशिबावर सोडलेला असतो.

मोठे जनावर गोळीच्या ‘धक्क्याने’ मरते अशी एक समजूत रूढ आहे. मेंदू किंवा मणक्याला थेट इजा झाली नसेल तर मरण येते ते रक्तदाब कोसळून मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळे. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत असलेला प्राणवायू १० ते १५ सेकंद पुरतो, आणि तेवढ्या वेळात हरीण शंभर मीटर सहज धावते. अरुंद जखमेत हाच काळ अनेक मिनिटांवर, कधी तासांवर जातो. बाहेर रक्त पडत नाही म्हणून माग लागत नाही, आणि रात्र पडली की शोध थांबतो. गोळीबद्दलच्या या चर्चेत जनावराच्या वाट्याला येणारी ही मिनिटे सर्वांत आधी मोजली पाहिजेत.

छिद्र असलेले टोक फुलण्यासाठी आहे की नाही, हा प्रश्न शिकारीबाहेर युद्धाच्या कायद्यातही आला होता, आणि त्याची मुळे आपल्याच भूमीत आहेत. वायव्य सरहद्दीवरील १८९५च्या चित्राळ मोहिमेनंतर .३०३ रायफलीची पूर्ण कवचाची गोळी समोरच्याला थांबवत नाही अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार झाली, तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारातील कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ‘दमदम गोळी’ हे नाव त्यावरून जगभर गेले. शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा हेगच्या परिषदेने २९ जुलै १८९९ रोजी केला. पुढे अमेरिकी सैन्याच्या नेमबाजांनी मॅचकिंग गोळी वापरावी का, हा प्रश्न निघाला. सैन्याच्या विधी विभागाने १९९० साली दिलेल्या मताचा आशय असा होता की टोकाचे छिद्र अचूकतेसाठीच्या घडाईतून येते, गोळी फुलावी असा तिचा हेतू नाही, म्हणून तिचा वापर बेकायदा ठरत नाही. मानवी जखम मर्यादित ठेवणाऱ्या नियमातून जी गोळी पार पडली, तीच शिकाऱ्याने जलद मरणासाठी निवडावी हे विसंगत आहे.

शिकारीत स्पर्धेची गोळी वापरावी असे म्हणणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. बर्जर या अमेरिकी कंपनीच्या अतिशय निमुळत्या गोळ्या मुळात स्पर्धेसाठी होत्या. त्या जनावरात काही सेंटिमीटर शिरून मग फुटतात आणि आपल्या वजनाचा मोठा हिस्सा छातीतच सोडतात, असे कंपनीने पुढे सांगितले. तिने याच आकाराच्या दोन मालिका केल्या: स्पर्धेसाठी जाड कवचाची, जी लांब नळीतील घर्षण व उष्णता सोसते, आणि शिकारीसाठी पातळ कवचाची. या विभागणीतूनच मुद्दा स्पष्ट होतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांचे वर्तन कवचाच्या जाडीतल्या केसाएवढ्या फरकाने बदलते, आणि शिकारीसाठी तो फरक जाणीवपूर्वक ठरवावा लागला.

दूरवर अचूक नेम साधतो म्हणून अशी गोळी शिकारीला घ्यावी, हा युक्तिवाद मला तेवढा पटत नाही. निमुळती गोळी हवेत वेग कमी गमावते आणि वाऱ्याने कमी ढळते, हे खरे. तरीही १०.९ ग्रॅमची नेहमीची गोळी नळीतून सेकंदाला ८०० मीटरने निघाली, तर ५०० मीटरवर तिचा वेग ५४०च्या आसपास उरतो आणि ऊर्जा साडेतीन हजार ज्यूलवरून सुमारे सोळाशेवर येते. अनेक शिकारी गोळ्यांना फुलण्यासाठी साधारण एवढाच किमान वेग लागतो. म्हणजे ज्या अंतरावर अचूकतेचा अभिमान सर्वांत जास्त, तेथेच टोकाच्या छिद्रावरचा दाब सर्वांत कमी असतो. शिवाय आपल्यापुढे येणारी यशाची छायाचित्रे सापडलेल्या जनावरांची असतात. जखमी होऊन झाडीत गेलेल्या जनावराचे छायाचित्र कोणाकडेच नसते, त्यामुळे अशा अनुभवांची बेरीज नेहमी एका बाजूला झुकते.

शिकारी गोळीचा इतिहास अशाच अपयशांतून घडला आहे. १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या एल्कहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीत गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड खांद्यावरच फुटून गेल्या, तेव्हा जॉन नॉस्लर यांनी कवचाच्या मधोमध तांब्याचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी करायला घेतली. तिचा पुढचा गाभा फुलतो आणि फुटतो, मागचा पडद्याआड सुरक्षित राहून खोलवर जातो. पुढे शिसे कवचाला रासायनिक रीतीने किंवा उष्णतेने चिकटवलेल्या गोळ्या आल्या, आणि १९८९ साली बार्न्सची, शिसे अजिबात नसलेली, अखंड तांब्याची गोळी बाजारात आली.

शिशाचा विषय निघाला की फुटणाऱ्या गोळीचा आणखी एक परिणाम सांगावा लागतो. शिकारी आतडी व नासलेले मांस रानातच टाकून जातो. अमेरिकेत रायफलीने मारलेल्या हरणांच्या अशा अवशेषांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा काही ढिगांत शिशाचे २००हून अधिक कण आढळले. ते खाणाऱ्यांत कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड येते. १९८२ साली जगात त्याचे केवळ २२ पक्षी उरले होते, आणि पिंजऱ्यात वाढवून पुन्हा मोकळे सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांतून आपल्या गिधाडांच्या पोटात गेले आणि आभाळ रिकामे झाले, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही. जपानच्या होक्काइदो बेटावर हरणांच्या अवशेषांमुळे समुद्रगरुड मरू लागले, म्हणून २००० साली तेथे हरणांच्या शिकारीत शिशाच्या रायफल गोळ्यांना बंदी आली. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून राज्यभर शिशाच्या दारूगोळ्याने शिकार करणे थांबवले. फुटली की बहुतांश वजन कणांच्या रूपाने सोडणारी स्पर्धेची गोळी या हिशेबात सर्वांत वाईट ठरते.

अखंड तांब्याची गोळी जवळपास सगळे वजन टिकवते, पण शिशापेक्षा ती हलकी आणि कठीण असल्यामुळे तिला फुलायला जास्त वेग लागतो. ती काडतुसात भरणाऱ्याला बनवणाऱ्याने दिलेला किमान वेग पाहून आपले अंतर ठरवावे लागते, आणि ते बहुधा स्पर्धेच्या मैदानावरच्या अंतराहून बरेच कमी निघते. तेवढे अंतर मग वाऱ्याची दिशा सांभाळत, पायी, जनावराला चाहूल लागू न देता कापावे लागते.